बिडाची पट्टी

"आमचं हे दुपारी जागेपणीच झोपतंय," असं तानुबाई बेळगावात अनगोळच्या गल्लीत कुणालाही सांगायची. खोटं कशाला बोला, बाई काही वावगं सांगत नव्हती. तिचा नवरा मायाप्पा घरामागच्या शेडात लेथसमोर उभा असायचा, लाकूड गरगर फिरत असायचं, सागवानाचा भुसा मिशांवर बसत असायचा आणि हात बिनचूक चाललेले असायचे. माणूस मात्र जागेवर नसायचा. तो येळ्ळूरच्या गडावर टेकलेल्या ढगातून, कापलेल्या भाताच्या रानांवरून तरंगत कुठल्या कुठं गेलेला असायचा. हाक मारली की "आं?" म्हणून परत यायचा. कुठं गेलता ते कधी सांगायचा नाही, कारण ते त्याला तरी कुठं ठाऊक असायचं!

मायाप्पा उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत पॅटर्न मिस्त्री. बीड ओतायचं, म्हणजे ओतीव लोखंडाचा एखादा भाग बनवायचा, तर आधी तसाच लाकडाचा नमुना लागतो. तो वाळूत दाबायचा, हलक्या हातानं काढायचा आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं बीड सोडायचं. पण बीड निवताना आकसतं, शंभरात एक. म्हणून मिस्त्रीनं नमुना तेवढा मोठाच करायचा. आता दर मापाला आकडेमोड कोण करत बसणार? त्यापेक्षा पट्टीच मोठी. तिच्यावर शंभर लिहिलेलं असतं, पण असतात एकशे एक. हिला फौंड्रीवाले बिडाची पट्टी म्हणतात.

मायाप्पाच्या पेटीत दोन पट्ट्यांसाठी दोन खाचे होते. खालच्या खाच्यात ही बिडाची पट्टी, वरच्या खाच्यात खरी. दोघी दिसायला जुळ्या बहिणी. खरीच्या कडेला कानशीनं मारलेली एक बारीक खूण होती, तेवढाच काय तो फरक. ती खरी पट्टी त्याला त्याचे वस्ताद यल्लाप्पा मिस्त्री यांनी जाताना दिली होती. मायाप्पा तिला कुणाला हात लावू द्यायचा नाही.

आणि तीच पट्टी त्यानं दोन वर्षांमागं अंजनाला देऊन टाकली. अंजना त्याची एकुलती लेक. डिप्लोमा करून बंगळूरला अंतराळ खात्याच्या एका ऑफिसात ड्रॉइंगं काढायला लागली. मायाप्पाचा बाप निपाणीत तंबाखूच्या वखारीत हमाल, आई विड्या वळणारी, आणि नात रॉकेटाची ड्रॉइंगं काढणार! बस सुटायच्या वेळी मायाप्पानं धुतल्या रुमालात गुंडाळलेली पट्टी खिडकीतून तिच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "माप खरं ठेव." घरी आल्यावर शेडात जाऊन तो बराच वेळ नाक शिंकरत होता. तानुबाईनं विचारलं तर भुसा गेला म्हणाला.

वरचा खाचा तेव्हापासून रिकामा. पण फौंड्रीत सगळं काम बिडाचं, त्यामुळं खऱ्या पट्टीची आठवण व्हायचं काही कारणच पडलं नाही.

त्र्याऐंशी सालची थंडी पडायला लागली आणि एका सकाळी अंजना दारात उभी. खांद्याला पिशवी, हातात एक लांब पत्र्याची नळी.

"दोन दिवसांचीच रजा हाय, आप्पा. च्या-पाणी नंतर. आधी हे बघा."

तिनं सोप्यातली चटई झाडली आणि नळीतून कागद काढून पसरले. चार कागद, चारांवर एकच रॉकेट, पण चार वेषांत. पहिल्यावर नुसता मधला खांब, वर निमुळती टोपी. दुसऱ्यावर त्याच्या बुडाशी दोन बाजूंना दोन छोटी रॉकेटं चिकटलेली. तिसऱ्यावर चार. चौथ्यावर सहा, गोल करून.

"ह्ये चार येगळं हाईत काय एकच?" मायाप्पानं विचारलं.

"एकच. मध्यम ताकदीचं रॉकेट. लई लहान न्हाय, लई मोठं न्हाय. वरच्या टोपीत उपग्रह बसतोय. उपग्रह हलका असला तर नुसतं पाठवायचं. जड असला तर बाजूला दोन बांधायची, आणखी जड असला तर चार, न्हायतर सहा. मधला खांब तोच ऱ्हाणार."

"मग बाजूची शेवटपत्तोर संगट जात्यात?"

"न्हाय. जमिनीवरनं उचलायलाच तेवढा जोर लागतोय. जळून झाली की ती सुटत्यात. खाली समुद्रात पडत्यात. पुढं हा एकटाच जातोय."

मायाप्पाची नजर कागदावरून सुटली. तानुबाईला वाटलं, गेला वाटतं हा परत गडावर. पण तो निपाणीच्या वखारीत गेला होता. तंबाखूचं बोद, म्हणजे माणसापेक्षा जाड भलंमोठं पोतं, त्याच्या बापाच्या पाठीवर चढवायचे तेव्हा आजूबाजूचे हमाल हात द्यायचे. लहान बोदाला दोघं, मोठ्याला चौघं, पावसाळी जड मालाला सहा जण. "हं!" म्हणायचे, बोद पाठीवर बसायचं आणि सगळे एकाच वेळी हात काढून घ्यायचे. मग बाप वाकून एकटाच फळीवरून वर चढायचा. हात काढलेली माणसं खाली उभी राहून त्याच्याकडं बघायची. लहानपणी मायाप्पाला वाटायचं, आपला बाप आता वखारीच्या छपरातून आभाळात निघून जाणार.

"कळलं," तो म्हणाला. "मला काय करायचं हाय?"

अंजनानं चहाचा कप उगाच दोन हातांत फिरवला. मग तिनं सगळं सांगून टाकलं. महिन्याभरानं दिल्लीहून मंडळी येणार होती. त्यांच्यापुढं चारी वेष मांडायचे होते, आणि टेबलावर ठेवायला लाकडी मॉडेलं हवी होती. साहेब बाहेरच्या एका कंपनीला काम देणार होते. तेवढ्यात अंजना भर मीटिंगमध्ये बोलून बसली की माझे वडील याच्यापेक्षा चांगलं करतील. दोघं-तिघं हसले. एक जण म्हणाला, बेळगावचा सुतार रॉकेट करणार!

"साहेब म्हणले, शब्द देतीस काय? मी दिला. माझी नोकरी अजून कच्ची हाय, आप्पा. आता माझं तोंड तुमच्या हातात."

"लई शानी हाईस," मायाप्पा म्हणाला. पण आतून तो असा फुलला होता की त्याला बसवेना. तो उठून शेडात गेला, सागवानाच्या फळ्यांवर हात फिरवला, परत आला आणि कागदांवर ओणवा झाला.

"चार मॉडेलं कशाला? एकच करतो. आमच्या पॅटर्नला दोन फाकी असत्यात, त्या खुंटीनं एकमेकींत बसत्यात. तशी खांबाला सहा भोकं ठेवतो, बाजूच्या रॉकेटांना खुंट्या. लावली की सहा, काढली की चार, दोन, नुसतं. साहेब लोक खेळत बसतील."

अंजना बघतच राहिली. "हे आमच्यातल्या कुणाला सुचलं न्हाय!"

"कसं सुचंल? तुमी कागदावर करताय."

ती दुसऱ्या दिवशी परत गेली, आणि मायाप्पानं फौंड्रीत साठलेली सगळी रजा टाकली. शेटजींनी कारण विचारलं तर म्हणाला, "घरात कार्य हाय." शेटजींना वाटलं, पोरीचं लग्न ठरलं.

ते पंचवीस दिवस मायाप्पाचे पाय जमिनीला लागले असतील तर शपथ. खानापूरचं जुनं, मुरलेलं सागवान त्यानं निवडलं. चाळीस मीटरमागं एक मीटर, या हिशेबानं खांबाची उंची एकशे दहा सेंटिमीटर. पेटीत हात घालायचा, पट्टी काढायची, माप टाकायचं आणि लेथ सुरू. दुपारचं ऊन पत्र्याच्या भोकातून लाकडावर पडायचं आणि लाकडाबरोबर फिरायचं. फिरता फिरता रॉकेट हळूच लेथवरून सुटायचं. शेडाचं छप्पर वाट द्यायचं. खाली अनगोळची कौलं, पलीकडं बेळगुंदीकडची रताळ्याची लाल रानं, वाळत घातलेली लुगडी, सगळं बारीक बारीक होत जायचं. आवाज म्हणाल तर अजिबात नाही, नुसता भुशाचा गोड वास. वरच्या टोपीत, उपग्रहाच्या जागी, गुडघे पोटाशी घेऊन अंजना बसलेली असायची, पाच-सहा वर्षांची. बाजूच्या सहा रॉकेटांत कोण कोण असायचं! हमाल आज्जा, विड्या वळणारी आज्जी, यल्लाप्पा मिस्त्री, तानुबाई. एक एक जण "हं!" म्हणून हात काढून घ्यायचा आणि हसत हसत खाली पडायचा. शेवटी मायाप्पाची पाळी यायची. त्याला हात काढवत नसे. तेवढ्यात तानुबाई जेवायला हाक मारायची.

"वर जाऊन आला काय?" ती विचारायची.

"व्हय," तो म्हणायचा. "तू बी हुतीस."

"मला कशाला नेताय? मला गाडी लागतीया."

बाविसाव्या दिवशी रंग झाला. पांढरा खांब, लाल टोपी, बाजूच्या रॉकेटांना करड्या पट्ट्या. खुंट्या अशा बसत होत्या की लावताना हलकेच 'टक्' व्हायचं आणि सांधा शोधून सापडायचा नाही. गल्लीतला भरमा न्हावी बघायला आला आणि चपला बाहेर काढून आत आला, जसा देवळात यावा. मायाप्पा वरून "त्यात काय हाय एवढं" म्हणत होता, पण बाहेर गेलेल्याला परत बोलवून दाखवत होता.

निघायच्या आदल्या दिवशी तानुबाईनं गलेफ शिवायला घेतला. जुन्या गोधडीतलं मऊ कापड, आत कापूस. गळ्यात शिंप्याची टेप अडकवून ती रॉकेटाला माप घेत होती, जसं नवरीला झंपराचं माप घ्यावं.

"अहो, कागदावर एकशे दहा लिवलंय न्हवं?"

"व्हय."

"माझ्या टेपेत एकशे अकरा येतंय. वर एक रेघ."

"तुझी टेप ताणलीया. दहा वर्षांची टेप ती."

"खोट काढू नका माझ्या टेपेत! तिच्यावर मी सगळ्या गल्लीचे झंपर शिवलेत, एक बी परत आला न्हाय."

मायाप्पा हसला. हसता हसता त्याचं लक्ष उघड्या पेटीकडं गेलं. वरचा खाचा रिकामा. आणि पट्टी, जी पंचवीस दिवस त्याच्या हातात होती, ती रंगाच्या डब्याशेजारी पडली होती. त्यानं ती उचलली, कडेवरून अंगठा फिरवला. खूण नव्हती. एका बाजूनं फिरवला, दुसऱ्या बाजूनं फिरवला. गुळगुळीत.

एकशे दहाला एकशे अकरा आणि वर एक रेघ. शंभरात एक. तीस वर्षं हात जी पट्टी उचलत होता तीच त्यानं उचलली, आणि खरी पट्टी तर केव्हाच बंगळूरला गेली होती. हा आख्खा खांब, सहा रॉकेटं, टोपी, सगळं त्यानं बिडासाठी कापलं होतं. जसं काही हे लाकूड उद्या निवणार होतं!

त्यानं पट्टी तानुबाईपुढं धरली. काय झालं ते सांगितलं. नवं करायला दिवस कुठं होते? सकाळची गाडी, परवा साहेबांना दाखवायचं.

"मग पोरीला सांगा सरळ," तानुबाई म्हणाली.

"काय सांगू? तुझ्या बापाला पट्टी वळखू आली न्हाय म्हणून? तिथं हसायला टपल्यात सगळी." त्यानं रॉकेटाकडं बघितलं. "सगळंच सारखं वाढलंय. नजरेला कुणाला कळतंय? गप बस तू. मी बी गप बसतो."

तानुबाई गप्प बसली. पण गलेफ शिवताना तिनं माप एकशे अकराचंच धरलं.

सकाळच्या बसमध्ये मायाप्पानं रॉकेट लेकरासारखं मांडीवर आडवं घेतलं. धारवाड गेलं, हुबळी गेली, हावेरीची कापसाची रानं आली. एरवी असल्या प्रवासात तो केव्हाच खिडकीतून उडून गेला असता. आज मन जागचं हलेना. डोळे मिटले की टोपीत बसलेली पाच वर्षांची अंजना दिसायची आणि विचारायची, आप्पा, माप खरं हाय न्हवं?

दुसऱ्या दिवशी अंजनाच्या ऑफिसात एका लांब टेबलावर मॉडेल उभं राहिलं. आधी नुसतं. मग मायाप्पानं दोन लावली, टक् टक्. मग चार, मग सहा. मोठे साहेब म्हातारे, पांढऱ्या भुवयांचे, कानडी बोलणारे. त्यांनी एक बाजूचं रॉकेट काढलं, परत लावलं, परत काढलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू होतं की मायाप्पाला क्षणभर सगळं विसरायला झालं. मागं अंजनाला हसलेल्यांपैकी एक जण, चष्मेवाला, तोही वाकून सांधा शोधत होता. मॉडेलखालच्या बैठकीवर लावायची पितळी पाटी तयारच होती: माप एकास चाळीस.

"अंजना," साहेब म्हणाले, "तपासून सही कर. मग पाटी लावू."

अंजनानं टेबलाचा खण उघडला, रुमालाची गुंडाळी काढली आणि सोडली. मायाप्पाला रुमाल आधी ओळखू आला, मग पट्टी. कडेला ती बारीक खूण. दोन वर्षांत तिनं पट्टीवर गंजाचा एक ठिपका येऊ दिला नव्हता.

तिनं पट्टी दोनदा लावली. मग तिसऱ्यांदा. कागदावर आकडा लिहिला नाही. तिनं वर बघितलं ते थेट बापाकडं. पॅटर्न मिस्त्रीच्या घरात वाढलेली पोर ती, शंभरात एक म्हणजे काय हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिच्या डोळ्यांत ना राग होता ना काही. नुसती माया होती, आणि तिनं काहीतरी ठरवलं होतं. तिचा पेनाचा हात सहीच्या जागेकडं निघाला.

"बरोबर आहे ना?" साहेबांनी विचारलं.

"न्हाय, साहेब," मायाप्पा म्हणाला.

खोलीत सगळे त्याच्याकडं वळले. तो कानडीतून बोलायला लागला. बीड निवताना आकसतं ते सांगितलं. दोन पट्ट्या सांगितल्या. "तीस वर्षं आकसणाऱ्या मालाचं काम केलं, साहेब. हाताला सवय झाली. हे सगळं शंभरात एक मोठं झालंय. चूक माझी. पोरीला ठाऊक नव्हतं."

चष्मेवाल्यानं घसा खाकरला. "म्हणून मी म्हणत होतो, बाहेर द्यावं."

मायाप्पा खाली मान घालून उभा राहिला. पंचवीस दिवसांत पहिल्यांदा त्याला आपले पाय जमिनीवर आहेत असं जाणवलं. अंजनानं मात्र पेन उचललं होतं आणि ती कोऱ्या कागदावर भराभरा आकडे मांडत होती. एक भागाकार, त्याखाली दुसरा.

"सर," ती म्हणाली, "सगळेच भाग एकाच प्रमाणात मोठे आहेत. खांब, टोपी, बाजूची, खुंट्यांची जागा, सगळे. म्हणजे आकार तंतोतंत बरोबर आहे. हे मॉडेल एकास चाळीस नाही, एकास एकोणचाळीस पूर्णांक सहा आहे." तिनं पितळी पाटी उचलली. "मॉडेल चुकलेलं नाही, सर. पाटी चुकलीय."

साहेबांनी कागद बघितला. मग मायाप्पाकडं बघितलं, मग ते मोठ्यानं हसले, अगदी पोट धरून. "पाटी बदला," ते चष्मेवाल्याला म्हणाले, "आणि दिल्लीच्या लोकांना एकोणचाळीस पूर्णांक सहा का ते मीच सांगणार. बीड कसं आकसतं ते मलाही आजच कळलं." अंजनानं सही केली, खऱ्या आकड्याखाली.

बाहेर वऱ्हांड्यात बापलेक बाकावर बसली. गुलमोहराच्या शेंगा वाऱ्यानं वाजत होत्या.

"आप्पा, तुमी का बोललासा?"

"तू काय म्हणणार हुतीस?"

अंजनानं नखानं बाकाचा रंग खरवडला. "बरोबर हाय, म्हणणार हुते. तुमाला कुणी हसू नये म्हणून."

"तेवढ्यासाठीच बोललो. ती पट्टी हातात धरून तू खोटं बोलली असतीस तर मी घरी काय तोंड घेऊन गेलो असतो?"

तिचे डोळे भरून आले. तिनं रुमालाची गुंडाळी त्याच्यापुढं धरली. "ही घेऊन जावा. माझ्यामुळं तुमचा घोटाळा झाला."

"न्हाय. तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे." मग त्यानं विचारलं, "चारातलं कुठलं पाठवणार?"

"ते ठरायला लई वर्षं जातील, आप्पा."

"जाऊ देत की. आपल्याला कुठं घाई हाय."

परतीच्या बसमध्ये तो खिडकीतून केव्हा सुटला ते त्यालाच कळलं नाही. हावेरीच्या रानांवर पांढरा खांब वर चालला होता, सहाही बाजूंना माणसं लावून. एक एक जण हात काढत गेला. मायाप्पाची पाळी आली. त्यानं टोपीकडं एकदा बघितलं, "हं!" म्हणाला आणि हात काढून घेतला. खाली पडताना त्याला अजिबात भीती वाटली नाही. उलट वर जाणारा तो ठिपका त्याला लई वेळ दिसत राहिला. शेजारचा प्रवासी म्हणाला, काका, झोपेत हसत होता.

बेळगावात उतरल्यावर तो आधी खडेबाजारात गेला आणि नवी खरी पट्टी घेतली. घरी येऊन तानुबाईच्या टेपेला लावून बघितली. रेघेला रेघ जुळली.

"तुझी टेप खरी हाय गं," तो म्हणाला.

"मग? मी काय म्हणलं हुतं?" तानुबाई म्हणाली आणि भाकरी थापायला वळली.

मायाप्पानं कानस घेतली आणि नव्या पट्टीच्या कडेला खूण मारली. मग पेटी उघडली. वरच्या खाच्यात बसलेला भुसा त्यानं फुंकून काढला, अंगठ्यानं पुसला. नवी पट्टी मात्र त्यानं भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. वरचा खाचा अंजनाकडच्या पट्टीचा, तो तसाच मोकळा ठेवला आणि पेटीचं झाकण हलकेच लावलं.